मुलीच मुली जन्माला घालणारं गुणसूत्र, मशरूममधला जंत आणि चिलटं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जंगलातल्या चिलटांमधल्या स्वार्थी गुणसूत्राबद्दल पानभर लिहिलं होतं. म्हणजे असं एक एक्स गुणसूत्र, की ज्या नरात ते असतं त्याला जवळपास सगळ्या मुलीच होतात. त्यावर इतके प्रश्न आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त जागा घेतलीये, त्यामुळे उत्तरं लहानमोठी झालीत.

"सर, गुणसूत्राला ना मेंदू ना मन, मग ते स्वार्थी कसं काय? आणि नेमकं करतं तरी काय ते?" (एक शिक्षिका, नाशिक)

मॅडम, गुणसूत्राला हेतू वगैरे काही नसतो हे अगदी खरं. स्वार्थी म्हणायचं ते परिणामावरून. नेहमीचा नियम असा की जोडीतल्या दोन गुणसूत्रांपैकी एक पुढच्या पिढीत जातं आणि दोघांनाही संधी निम्मी निम्मी. चिलटाच्या नरात एक्स आणि वाय अशी जोडी असते, एक्सवाल्या शुक्राणूपासून मुलगी, वायवाल्यापासून मुलगा. हे स्वार्थी एक्स शुक्राणू तयार होत असतानाच वायवाल्यांची वाट लावतं, ते धड घडतच नाहीत, आणि उरतात ते सगळे याच एक्सचे. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीला दोन भाऊ बसायचेत आणि एकाने आदल्या रात्रीच दुसऱ्याचे कागद जाळून टाकले, तसलाच हा प्रकार. त्यात घराचं भलं काहीच नाही, नराचे निम्मे शुक्राणू फुकट गेले, पण त्या एक्सचा वाटा मात्र निम्म्यावरून जवळजवळ पूर्ण झाला.

हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं सर्गेई गेर्शेन्झोन यांनी, १९२८ साली, ड्रॉसोफिला ऑब्स्क्युरा नावाच्या माशीत (ड्रॉसोफिला हे चिलटांचं शास्त्रीय नाव, पुढे माशी म्हणेन तीही चिलटच). मग १९३६ मध्ये स्टर्टेव्हंट आणि डोब्झान्स्की यांनी अमेरिकेतल्या ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरामध्ये हेच दाखवलं. पुढे १९५० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराजवळ पकडलेल्या साध्या घरगुती चिलटांमध्ये, म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टरमध्ये, आणखी एक स्वार्थी प्रकार सापडला, पण तो एक्सवर नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, त्यामुळे तिथे मुलगा-मुलगीचा तोल बिघडत नाही, फक्त ते गुणसूत्र स्वतःची भर करून घेतं. या मेलॅनोगास्टरमध्ये शुक्राणू ६४ च्या जुडग्यात तयार होतात. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर स्वार्थी गुणसूत्र असलेल्या नराच्या जुडग्यात निम्म्या शुक्राणूंची डोकी नीट आवळून बारीक झालेली दिसतात आणि निम्म्यांची फुगलेली, बेढब राहतात, कारण त्यांच्यातला डीएनए घट्ट बांधलाच जात नाही. हे चित्र पहिल्यांदा बघितलं की पटकन समजतं, लिहून सांगायला मात्र मला दोन परिच्छेद लागले.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की मेलॅनोगास्टरमधला दोषी जीन हा रॅनगॅप नावाच्या प्रथिनाची अर्धवट तुटलेली कॉपी आहे, आणि रॅनगॅपचं काम पेशीच्या केंद्रकात काय आत जाणार, काय बाहेर येणार याच्याशी निगडित आहे. आता ज्या मशरूमवरच्या माशीबद्दल मी मागच्या वेळी लिहिलं, त्या ड्रॉसोफिला निओटेस्टेशियात संशोधकांना स्वार्थी एक्सवर इम्पोर्टिन नावाच्या प्रथिनाच्या जीनची एक जादा कॉपी सापडली, ती त्या नरांमध्ये खूप जास्त चालू असते, आणि इम्पोर्टिनचं कामही तेच, माल केंद्रकात नेणं. दोन दूरच्या माश्या, दोन वेगळी गुणसूत्रं, आणि संशयाची सुई केंद्रकाच्या दाराशीच.

"तुम्ही लिहिलंत की या माश्यांना जंत पण होतात आणि बॅक्टेरिया पण असतात. त्याचा स्वार्थी गुणसूत्राशी काय संबंध? हे दोन वेगळे विषय नाहीत का?" (बीएस्सीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला आणि उत्तरही सगळ्यात लांब आहे, जरा धीर धर.

आधी माशी कुठे राहते ते बघ. निओटेस्टेशिया ही उत्तर अमेरिकेतल्या जंगलातली, कॅनडापासून अमेरिकेच्या बऱ्याच भागापर्यंत. ही फळांवर नाही, मशरूमवर वाढते. मादी मशरूमवर अंडी घालते आणि अळ्या त्यातच मोठ्या होतात. यातली काही मशरूम विषारी असतात, अ‍ॅमॅनिटा जातीची, त्यातलं अ‍ॅमॅनिटिन हे विष माणसाचं यकृत निकामी करून जीव घेतं, पण मशरूमवरच्या या माश्यांना ते बऱ्यापैकी पचतं. (पावसाळ्यात रानातली अळंबी ओळख पटल्याशिवाय कुणीही तोंडात घालू नका, हे इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.)

आता त्या मशरूममध्ये एक जंत असतो, हॉवर्डुला एरोनिम्फियम. याची गाभण मादी माशीच्या अळीची कातडी भेदून आत शिरते. अळीची माशी होते तोवर जंत आत वाढतो, मग माशीच्या पोटाच्या पोकळीत पिल्लं सोडतो, आणि ती माशी पुन्हा मशरूमवर जाऊन बसली की पिल्लं तिच्या अंडी घालायच्या वाटेनं नाहीतर गुदद्वारातून बाहेर पडतात, मशरूममध्येच त्यांचं मीलन होतं आणि पुढची अळी शोधायला मोकळी. अशा मादीचं पोट फाडून बघितलं तर अंडाशय जिथे टपोरं हवं तिथे चिमटलेलं असतं आणि आजूबाजूला जंतच जंत वळवळत असतात. अंडी नाहीतच. १९८० च्या दशकात रॉचेस्टर विद्यापीठाच्या जॉन जेनिकी यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जंगलात ज्या माश्या तपासल्या त्यात जंत झालेली मादी म्हणजे वांझ मादी, असंच जवळपास होतं. विषारी मशरूममध्ये वाढलेल्या माश्यांना जंत कमी होतात हेही त्यांनीच दाखवलं, म्हणजे विष पचवायची ताकद या माश्यांकडे का आली असेल त्याचं एक कारण तिथे मिळतं.

आणि मग चित्र बदललं. २०१० मध्ये जेनिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आता जंत होऊनही बऱ्याच माद्या अंडी घालतायत, कारण त्यांच्या अंगात स्पायरोप्लाझ्मा नावाचा बॅक्टेरिया आहे. हा आईकडून अंड्यातून मुलांना मिळतो. हा असला की जंत नीट वाढत नाही आणि मादी वांझ होत नाही. १९८० च्या दशकातल्या जपून ठेवलेल्या माश्यांमध्ये हा बॅक्टेरिया थोड्याच माश्यांत होता आणि काही दशकांतच पूर्वेकडच्या जंगलांत तो बहुसंख्य माश्यांत दिसू लागला. कॅनडात तो रॉकी पर्वताच्या अलीकडे एकदम थांबलेला दिसत होता, नऊ वर्षांनी परत त्याच जागी माश्या पकडल्या तर सगळीकडे लक्षणीय वाढलेला. उत्क्रांती म्हटलं की आपण लाखो वर्षं धरतो, आणि इथे संशोधकाच्या एका नोकरीच्या काळात ती घडली, मला यात अजूनही अंगावर काटा येतो.

बॅक्टेरिया जंताला मारतो कशानं, तर २०१६ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात स्टीव्ह पर्लमन यांच्या गटाने त्याचं एक विष शोधलं. ते राइबोझोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएमधला अ‍ॅडेनीन नावाचा एक ठराविक घटक कापून काढतं, त्यामुळे प्रथिनं बनणंच बंद. एरंडाच्या बीतलं रायसिन हे विष याच घराण्यातलं. म्हणजे माशीच्या अंगात राहून तिच्या शत्रूवर एरंडाच्या जातीचं विष सोडणारा भाडेकरू.

आता तुझ्या प्रश्नाकडे. याच माशीत, याच जंगलात, काही नरांकडे ते स्वार्थी एक्स आहे. मग एकाच माशीत कोण कोण राहतंय ते मोज. माशीचे स्वतःचे साधे जीन, ते आई-वडील दोघांकडून येतात आणि त्यांना मुलगे-मुली दोन्ही चालतात. स्वार्थी एक्स, नरात असताना त्याला फक्त मुलगी हवी. स्पायरोप्लाझ्मा, तो आईकडूनच जातो, त्यामुळे मुलगा म्हणजे त्याचा रस्ता बंद, त्यालाही मुलगीच हवी. आणि जंत, तो वारशानं येत नाही, त्याला मशरूमवर परत जाणारी माशी हवी, तिला मुलं झाली काय नि नाही झाली काय.

समज, स्पायरोप्लाझ्मावाली मादी आणि स्वार्थी एक्सवाला नर यांचं मीलन झालं. पिल्लं जवळजवळ सगळ्या मुली, प्रत्येकीत बापाचं स्वार्थी एक्स आणि आईचा बॅक्टेरिया. दोघांची ओळखदेख नाही, पण दोघांचं हित एकाच मुलीत येऊन पडलं. आता या मुलीला जंत लागला आणि बॅक्टेरिया नसता तर ती वांझ, मग बापाच्या अंगात वायवाल्यांचा निकाल लावून त्या एक्सनं मिळवलं काय, काहीच नाही. बॅक्टेरिया असेल तर मुलगी वाचली आणि तिच्याबरोबर ते स्वार्थी एक्सही. म्हणजे जो रक्षक आहे तो माशीला वाचवता वाचवता तिच्यातल्या चोरालाही वाचवतो. साध्या एक्सलाही तो तेवढाच वाचवतो हे खरं, पण यातून कळतं ते असं की स्वार्थी एक्सचा फायदा किती हे एकट्या एक्सवर ठरत नाही.

दुसरा हिशेब सगळ्या वस्तीचा. पुढच्या पिढीत माश्या किती होणार हे अंडी घालणाऱ्या माद्या किती यावर ठरतं, नर थोडे कमी असले तरी भागतं. जंत माद्या वांझ करून ही संख्या खाली ओढतो, स्वार्थी एक्स माद्यांची संख्या वाढवून ती वर ढकलतं, स्पायरोप्लाझ्मा वांझ होणाऱ्यांना परत कामाला लावतो. आणि माद्या वाढल्या, अंडी वाढली, एकेका मशरूममध्ये अळ्यांची गर्दी झाली की जंताला पुढची अळी शोधायला लांब जावं लागत नाही. हा मी तर्काने मांडलेला हिशेब आहे, पण यातला एक आकडा हलवला की बाकीचे हलतात हे तुला दिसत असेल. म्हणून बाटलीत वाढवलेल्या, जंत नसलेल्या, बॅक्टेरिया काढून टाकलेल्या माश्यांवर स्वार्थी गुणसूत्राचा अभ्यास केला तर ते गुणसूत्र काम कसं करतं हे उत्तम कळतं, पण जंगलात ते दहा टक्के का आहे, तीस टक्के का नाही, हे त्या बाटलीत कळणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी ठासून म्हणतोय.

यात आणखी एक गुंता. स्वार्थी एक्सवर बहुतेक वेळा मोठमोठे तुकडे उलटे फिरलेले असतात. उलटा तुकडा आणि सरळ तुकडा यांच्यात देवाणघेवाण नीट होत नाही, त्यामुळे शेकडो जीन एकत्र कुलूपबंद होतात, आणि त्यात खराब झालेले जीन साठत जातात. त्या कुलपात कुठले जीन अडकलेत यावर ती माशी थंडी किती सोसते, पोटातला रोग किती सोसते हेही बदलू शकतं. म्हणून आता स्वार्थी गुणसूत्रवाल्या आणि साध्या माश्यांना मुद्दाम जंतुसंसर्ग करून दोन्हींची तुलना करायचे प्रयोग होतात.

"मुलीच मुली करणारा बॅक्टेरिया पण असतो असं वाचलं. मग गुणसूत्र का बॅक्टेरिया हे ओळखायचं कसं?" (पुण्याहून दोघांनी विचारलंय)

असतो, आणि तोही स्पायरोप्लाझ्माच, पण वेगळ्या वाणाचा. दक्षिण अमेरिकेतल्या ड्रॉसोफिला विलिस्टोनीसारख्या माश्यांत तो आईकडून येतो आणि मुलग्यांना अंड्यातच मारतो. २०१८ मध्ये त्याचं मारणारं प्रथिन सापडलं, त्याचं नाव स्पेड ठेवलंय. निओटेस्टेशियातला स्पायरोप्लाझ्मा मात्र नरांना मारत नाही, तो फक्त जंताच्या मागे असतो, हे दोन एकात मिसळू नका.

ओळखायचं असं. नर मारणारा बॅक्टेरिया असेल तर सुमारे निम्मी अंडी फुटतच नाहीत, आणि दोष आईकडून जातो, आणि माशीला अँटिबायोटिक दिलं की पुढच्या पिढीत मुलगे परत येतात. स्वार्थी एक्स असेल तर अंडी नेहमीसारखी फुटतात कारण गडबड अंड्याच्या आधी, बापाच्या शुक्राणूत झालेली असते, आणि अँटिबायोटिकने ढिम्म फरक पडत नाही. युरोपातल्या ड्रॉसोफिला टेस्टेशियात २०१७ मध्ये स्वार्थी एक्सची नोंद झाली तेव्हा आणखी एक खूण मिळाली. या नरांना ८० ते १०० टक्के मुली होतात, पण जे थोडे मुलगे होतात त्यातले बहुतेक वांझ, आणि त्यांच्यात वाय गुणसूत्रच नसल्यासारखं दिसतं. चिलटांमध्ये नर व्हायला वाय लागत नाही, पण चालणारे शुक्राणू बनवायला लागतं, म्हणून दिसायला नर पण उपयोग नाही. म्हणजे बापाच्या पेशीत वायची नेमकी कुठे वाट लागते त्याचा पुरावा ते मुलगेच अंगावर घेऊन फिरतात.

"गणिती डोक्याला पटत नाही. असं गुणसूत्र दर पिढीला वाढत गेलं तर शेवटी नरच उरणार नाहीत आणि प्रजाती संपेल. मग या माश्या अजून आहेत कशा?" (सॉफ्टवेअर इंजिनिअर, सध्या मुक्काम टोरांटो)

गणित तुमचं बरोबर आहे. उत्क्रांतीचे अभ्यासक डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं, काहीच अडवणारं नसेल तर शेवट नाश. तर अडवणारं काय काय आहे ते बघू.

एक, ज्या नराचे निम्मे शुक्राणू वाया जातात तो पुन्हा पुन्हा मीलन करायची वेळ आली की कमी पडतो. आणि एकाच मादीने दोन-तीन नरांशी संबंध केला तर तिच्या पोटात शुक्राणूंची स्पर्धा लागते, त्यात हा हरतो. अमेरिकेतल्या जंगलांत जिथे निओटेस्टेशियाच्या माद्या जास्त नरांशी मीलन करतात तिथे स्वार्थी एक्स कमी आढळतं, हे जॉर्जिया विद्यापीठातल्या केली डायर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. स्यूडोऑब्स्क्युरावर तर इंग्लंडमध्ये सुंदर प्रयोग झाला. २००८ मध्ये छापून आलेल्या त्या कामात स्वार्थी एक्स असलेल्या वसाहतींमधल्या माद्या दहाच पिढ्यांत दुसरा नर लवकर पत्करायला लागल्या. आणि २०१० च्या पुढच्या कामात माद्यांना एकाच नरावर ठेवलं तर काही वसाहती खरोखरच नर न उरल्यामुळे संपल्या, तुमचं गणित डोळ्यांसमोर खरं ठरलं. एकापेक्षा जास्त नर मिळालेल्या वसाहती तगल्या.

दोन, दडपणारे जीन. बाकीच्या गुणसूत्रांचं नुकसान होतंय म्हटल्यावर त्यांच्यावर असे बदल टिकतात जे स्वार्थी एक्सचं काही चालू देत नाहीत. युरोपातल्या टेस्टेशियात असे दडपणारे जीन जंगलातच आहेत आणि तिथे स्वार्थी एक्स सुमारे दहा टक्के.

तीन, थंडी. निओटेस्टेशियात जिथे हिवाळा कडक तिथे स्वार्थी एक्स कमी, दक्षिणेकडे जास्त. तुम्ही टोरांटोत आहात, तर शरद ऋतूत गावाबाहेरच्या जंगलात मशरूम उलटून बघा, त्याखाली बसलेल्या बारीक माश्यांत ही निओटेस्टेशिया असायची बरीच शक्यता.

चार, जे वर लिहिलंय ते सगळं, जंत आणि बॅक्टेरिया धरून. निओटेस्टेशियात स्पायरोप्लाझ्माच्या जोडीला वोल्बाकिया नावाचा आणखी एक बॅक्टेरिया असतो आणि हे दोघे बऱ्याचदा एकाच माशीत सापडतात, त्यामुळे कोण कुणाला आधार देतंय हे सोडवायला एकेकाला वेगळं काढून बघावं लागतं.

"आमच्या हापूसच्या बागेत फळमाशीने वैताग आणलाय. हे मुलीवालं गुणसूत्र सोडून त्यांचा नायनाट करता येईल का?" (बागायतदार, देवगड)

दादा, आधी एक सांगतो, तुमच्या आंब्यातली फळमाशी आणि ही चिलटं वेगळ्या कुळातली. आंब्यातली ती बॅक्ट्रोसेरा, घरमाशीएवढी, पिवळट पट्ट्यांची, मादी सालीला भोक पाडून आत अंडी घालते. चिलट कुजलेल्या फळावर येतं, तुमच्या चांगल्या फळाचं काही बिघडवत नाही. आणि मुली वाढवणारं गुणसूत्र सोडलं तर अंडी घालणाऱ्या माद्याच वाढतील, सुरुवातीला तर त्रास वाढेलच. तुमच्यासाठी आत्ता कामाचा आहे तो दापोली कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा. त्यातल्या मिथाइल युजेनॉलला नर येतात, नर संपले की माद्यांची अंडी फुकट. तो लवकर लावा, फळ काढणीला आल्यावर नाही, आणि गळालेली फळं बागेत पडू देऊ नका, पुरून टाका. शक्य असेल तर शेजारच्या बागायतदारांनाही बरोबर घ्या, एकट्याच्या बागेत लावून बाजूचे नर येत राहतात.

"मला तीन मुली आहेत. सासरी अजून बोलणी खाते. माणसातही असं गुणसूत्र असतं का?" (नाव-गाव छापू नका असं कळवलंय)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माणसात मुलगा का मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं, आईच्या अंड्यात नेहमी एक्सच असतं. तीन मुली होणं ही आठात एक शक्यता आहे, म्हणजे तीन मुलं असलेल्या आठ घरांपैकी साधारण एका घरात ती सहज घडते, त्यासाठी कुठलंही विचित्र गुणसूत्र लागत नाही, आणि चिलटांवरचा हा अभ्यास कुणी तुमच्याविरुद्ध किंवा तुमच्या नवऱ्याविरुद्ध वापरू लागला तर तो चुकीचा वापर आहे असं माझ्या नावाने सांगा. पुढचं मूल काय असेल ते आधी बघून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तो गुन्हा करतोय, १९९४ च्या कायद्याने. तुम्हाला बोलणाऱ्यांना हे पान वाचायला द्या.

"मग डासांवर हे वापरतायत म्हणे, ते काय आहे?" (ठाणे, सोलापूर आणि आणखी काही पत्रं)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, माणसाने बनवलेलं स्वार्थी जीन, त्याला जीन ड्राइव्ह म्हणतात. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस गॅम्बीमध्ये असा ड्राइव्ह घातला आणि पिंजऱ्यातल्या सगळ्या वसाहती ७ ते ११ पिढ्यांत संपल्या. पण तो पिंजरा होता. वरची जंतांची गोष्ट वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की बाहेर, इतर परजीवी, बॅक्टेरिया, हवामान या सगळ्यांत तो कसा वागेल हे वेगळं बघावंच लागतं, आणि मला वाटतं तिथे घाई अजिबात नको.

दुसरी गोष्ट जास्त पुढे गेलीये आणि तिचं मूळ चिलटातच आहे. घरगुती चिलटातला वोल्बाकिया काढून डेंग्यूच्या एडिस डासात घातला, तर डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडून बघितले, ज्या भागात सोडले तिथे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे आयसीएमआरच्या पुदुच्चेरीच्या केंद्राने २०२२ मध्ये वोल्बाकियावाले एडिस तयार केल्याचं जाहीर केलं. वोल्बाकियासुद्धा आईकडून जाणारा आणि स्वतःचा प्रसार स्वतः करून घेणारा: वोल्बाकियावाल्या नराचं बिनवोल्बाकियाच्या मादीशी मीलन झालं तर अंडी मरतात, त्यामुळे वोल्बाकियावाल्या माद्यांचीच पिल्लं पुढे जातात. म्हणजे इथे स्वार्थीपणाच आपल्या कामी येतो.

"अकरावीत आहे. घरी काही करून बघता येईल का?" (सांगली)

येईल, आणि तू करच. काचेच्या बरणीत जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाक, तोंडावर कागदाचा शंकू लाव, टोकाला छोटं भोक. एक-दोन दिवसांत चिलटं येतील. बरणी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलीस की ती सुस्तावतात, मग पांढऱ्या कागदावर ओतून भिंगातून बघ. मादीचं पोट टोकाला निमुळतं आणि पट्टे शेवटपर्यंत वेगळे दिसतात, नराचं पोट लहान, गोलसर आणि टोक काळं. चांगलं भिंग असेल तर नराच्या पुढच्या पायावर काळ्या केसांचा बारीकसा कंगवा दिसेल. ही ओळख मेलॅनोगास्टरची, तुझ्या बरणीत दुसऱ्या जातीही असतील, तर एकसारख्या दिसणाऱ्याच मोज.

बरणीत माद्या जास्त निघाल्या म्हणून स्वार्थी गुणसूत्र सापडलं असं लगेच समजू नकोस. सापळ्यात येणाऱ्या माश्या अनेक घरांतल्या असतात आणि अंडी घालायला माद्या जास्त येऊ शकतात. खरं बघायचं तर एकच मादी वेगळ्या बाटलीत ठेव, ताजा केळ्याचा तुकडा दे, तोंडाला मलमल बांध, अंडी दिसली की मादीला काढून टाक आणि तिची पिल्लं मोज. २५ अंशाला अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस लागतात, थंडीत जास्त. अशा दहा बाटल्या लावल्यास तर उत्तम. शंभरात ४२ नर आणि ५८ माद्या आल्या तर तो नशिबाचा खेळ असू शकतो, शंभरात पाच-दहाच नर आले तर मात्र थांब, त्या बाटलीतले सगळे नर वेगळे ठेव, माद्यांना दुसऱ्या बाटलीतल्या साध्या नरांबरोबर ठेव आणि त्या माद्यांना जे मुलगे होतील त्यातल्या कुणाला किती मुलगे, किती मुली होतात ते पुढच्या पिढीत परत मोज. वहीत प्रत्येक बाटलीचा वेगळा कॉलम ठेव, सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा मला पाठवू नकोस, त्यातून काहीच कळत नाही.